नुसतं बघायला

"इथे बघण्यासारखं काय आहे ताई? खाली काळं, वर काळं," दिवेमामा आपल्या खिडकीतून म्हणाले.

खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवा द्यायचा आणि त्याचा पितळी बिल्ला घेऊन फळ्यावर अडकवायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. माणूस वर आला की दिवा जमा, बिल्ला परत.

"तेच बघायला आलेय," ती म्हणाली. "आमच्याकडे समुद्र आहे. तो बघून बघून कंटाळले."

सकाळपासून ती गावभर हिंडली होती. लोक कपडे घरात वाळत घालतात, हे तिनं हेरलं. खिडकीच्या कडेवर बोट फिरवून पाहिलं. काजळ घालता आलं असतं. भाजीवालीला विचारलं, कोबी किती पाण्यांत धुवायचा? "पाणी काळं यायचं थांबेपर्यंत, नाहीतर तुम्ही थकेपर्यंत," भाजीवाली म्हणाली. फिरायला आलेल्या बाईला या चौकशा कशाला, असं कुणी विचारलं नाही. गळ्यात कॅमेरा असला की माणसाला सगळं माफ असतं.

खरं कारण वेगळं होतं. तिच्या धाकट्या लेकराचं लग्न ठरू घातलं होतं आणि स्थळ या खाणीतलं होतं. घरचे सगळे राजी. तिनं मात्र आठवडा मागून घेतला होता. नाही म्हणायचं हे तिचं ठरलंच होतं. पण आधी स्वतः जाऊन बघून आलं, की मग कुणाला बोलायला जागा राहत नाही.

"या पाळीला खाली मोठं कोण असतं?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"इंजिनियरसाहेब. वय लहान, पण समोर आले की आमच्यासारखे म्हातारेसुद्धा टोपी सरळ करतात."

"रागीट आहेत?"

"रागीट कसले, चिवट आहेत. शेवटचा माणूस खाली असेपर्यंत साहेब वर येत नाहीत. जेवणाचा डबा कितीदा तसाच परत जातो."

तिनं मान हलवली. तिचं लेकरू म्हणजे घरातलं कुणी दहा मिनिटं उशिरा आलं तर दारात येरझाऱ्या घालणारं, दोनदा गरम केलेलं तिसऱ्यांदा गरम करत बसणारं. ते इथे जन्मभर घड्याळाकडे बघत बसणार. झालं, कारण मिळालं. आता संध्याकाळची गाडी पकडायची.

तेवढ्यात पाळी सुटली. लिफ्टचा पिंजरा वर आला, माणसं उतरली, खिडकीवर दिव्यांचा खडखडाट झाला. पिंजरा पुन्हा गेला, पुन्हा भरून आला. तिसऱ्यांदा गेला तो आलाच नाही. फळ्यावर दोन बिल्ले उरले.

दिवेमामांनी फोन उचलला, ऐकला, ठेवला.

"छत कुरकुरतंय म्हणे. साहेबांनी बाकीच्यांना आधी वर पाठवून दिलं. एकाचा पाय दुखावलाय, त्याला घेऊन येतायत."

"किती लांब आहे?"

"मैलभर असेल. पाय धड असतील तर."

पाव तास गेला. तिनं कॅमेरा काढून पिशवीत टाकला. भिंतीपर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. गाडीची वेळ निघून गेली, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

"ताई," दिवेमामांनी हळूच विचारलं, "तुमचं कुणी आहे का खाली?"

"नाही," ती म्हणाली. मग पिशवी सावरत म्हणाली, "अजून नाही."

घंटा तीनदा वाजली. दिवेमामांनी श्वास सोडला. "तीन म्हणजे माणसं येतायत."

पिंजऱ्यातून दोघं बाहेर आली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. दोघंही इतकी काळी, की कोण लंगडतंय यावरूनच ओळखायचं. साहेबांनी जखमी माणसाला स्ट्रेचरवर नीट झोपवलं, मगच खिडकीशी येऊन दिवा ठेवला. मामांनी बिल्ला पुढे केला, तो घ्यायला एक काळाकुट्ट हात पुढे आला.

ती पुढे झाली आणि तिनं स्वतःचा रुमाल त्या हातात कोंबला.

"तोंड पूस आधी," ती म्हणाली. "सून पसंत केली म्हणून घरी सांगायचं, तर चेहरा तरी दिसायला नको का?"