ऋतुजाचं रील

नर्सिंग प्रवेशाच्या मुलाखतीआधी लोखंडे मॅडमनी ऋतुजाचं इन्स्टाग्राम उघडलं. एका रीलमध्ये ती लकवा झालेल्या म्हाताऱ्यामागे त्याच्यासारखीच लंगडत, हसत चालली होती. 'ही नर्स होणार?' मॅडमच्या मनात आलं. उत्तरं चोख असूनही त्यांनी तिला कमी गुण दिले. नर्सिंगच्या यादीत तिचं नाव लागलं नाही.

आठवड्यानं तोच म्हातारा तिचा हात धरून ऑफिसात आला.

"मॅडम, माझ्या नातीचं काही होईल का? लकव्यानंतर मी चालायला लाजायचो. ही माझ्यामागं लंगडत यायची, मला हसवायची. तिनंच चालतं केलं मला."

जागा सगळ्या भरल्या होत्या. मॅडमना ते सांगवेना.

"मुलाखतीत आजोबांबद्दल बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्यांच्याबद्दल काही विचारलंच नाहीत, मॅडम," ऋतुजा हळूच म्हणाली.