भांड्याला हात लावायचा नाही

"झाकण उचलू नका. अजून नाही." हरिहरपंतांनी उमेदवाराचा हात मागे सारला.

उमेदवार नोकरीचा नव्हता, जावईपणाचा होता. तिसरा.

हरिहरपंत कल्याणात लोबानापासून औषधी सत्त्व काढत आणि ठाण्याच्या दवाखान्याला पुरवत. लेक वासंती बावीस वर्षांची, पाच वर्षांपूर्वी विधवा झालेली. सन १८९४मध्ये अशा मुलीचं पुन्हा लग्न लावायला निघालेला बाप गावाला एकतर देव वाटे, नाहीतर वेडा. पंत स्वतःला पहिल्यात मोजत. वासंतीला त्यांनी काही विचारलं नव्हतं. जो होकार ते देतील तोच तिचा.

परीक्षा ठरलेली होती. आदल्या दिवशी मुक्कामाला यायचं. पहाटे तोळाभर तपकिरी सत्त्व उकळत्या पाण्यात विरघळवायचं, कोळशाच्या पुडीने रंग काढायचा, गरम असतानाच कागदातून गाळायचं. मग काचेचं भांडं भिंतीतल्या फळीवर झाकून ठेवायचं आणि अंगणात ऊन येईपर्यंत गप्प बसायचं.

"सावकाश निवलं की स्फटिक मळ बाहेर टाकत वाढतात," पंत प्रत्येकाला सांगत. "धक्का लागला की घाईने गोळा होतात, मळासकट. माणसाचंही तसंच. अधीर जावई मला नको."

तिसरा बसून राहिला. फळीच्या भिंतीपलीकडे, भिंतीला लागून असलेल्या जात्यावर वासंती रोजच्यासारखी ओव्या म्हणत दळत होती.

"गळा गोड आहे हो," तो म्हणाला. आदल्या संध्याकाळी त्याने घर कोणाच्या नावावर आहे तेवढंच विचारलं होतं.

ऊन आलं. झाकण उघडलं. तळाशी भुरकट चुरा.

"हलवलंत!"

"देवाशप्पथ, हात लावला नाही!"

"आधीचे दोघेही हेच म्हणाले." पंतांनी वही उघडली. 'तिसरा. अधीर. शिवाय खोटा.'

कुंपणापलीकडून आवडाबाईने मान वर केली. तिच्या घरची माणसं मिठागरावर कामाला असत. "पंत, पोरीचा लगीन करताव का काढा उकळताव?"

"परीक्षा आहे, आवडाबाई!"

"पोर म्हातारी व्हवाच्या आधी निकाल लावा म्हंजे झाला."

चौथा ठाण्याचा शाळामास्तर, महिपत. भर दुपारी आला, पाणी प्यायला, आणि पंतांसमोरच वासंतीला म्हणाला, "हे लग्न तुम्हाला हवंय का? नको असेल तर संध्याकाळच्या गाडीने परत जातो. मला जमलं नाही म्हणून सांगेन. तुमच्यावर बोल येणार नाही."

वासंतीने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. सुपात तांदूळ घेतले आणि परसदाराने आवडाबाईकडे निघून गेली.

"लाजली बिचारी," पंत म्हणाले. "पण तुम्ही भलतेच आगाऊ. असले प्रश्न मुलीला विचारतात?"

"मग कोणाला विचारायचे?"

पंतांनी वहीत लिहिलं: 'चौथा. उद्धट. टिकणार नाही.'

ती बराच वेळ परतली नाही. आली तेव्हा हात रिकामे होते आणि कपाळावर घाम. आदल्या दिवसाचं पीठ संध्याकाळच्या भाकऱ्यांना पुरलं.

पहाटे महिपतने सत्त्व विरघळवलं, गाळलं, भांडं फळीवर ठेवलं आणि मांडी घालून बसला. वासंती अंगणात तुळशीला पाणी घालत होती. मग फुलं वेचत राहिली. पंतांना इतकी शांत डुलकी लागली की ऊन पायावर आलं तेव्हाच जाग आली.

झाकण उचललं आणि ते भांड्यावर वाकले. भांडंभर पांढऱ्या सुया, बोटाच्या पेराएवढ्या, चकाकणाऱ्या.

पंतांनी त्या गाळून थंड पाण्याच्या दोन चमच्यांनी धुतल्या, वाळवल्या. चिमूटभर बारीक नळीत भरून तेलात तापवल्या. ठरल्या अंशावर सगळं एका दमात वितळलं.

"शुद्ध! अगदी शुद्ध!" त्यांनी वहीतलं 'उद्धट' खोडून 'स्पष्टवक्ता' केलं. "पहिल्याच नजरेत ओळखलं होतं मी तुम्हाला. चौघांत एकच निघाला. माझी परीक्षा कधी चुकत नाही, महिपतराव!"

महिपत नुसता हसला.

"वासंती!" पंतांनी मोठ्याने हाक मारली. "जावईबापूंना गरम भाकरी टाक!"

तिच्याऐवजी कुंपणापलीकडून आवडाबाईच ओरडली, "अगो वासंती, काल आमचे जात्यावर दललेला पीट हितंच ऱ्हायला ना गो! आता तरी ने!"