वेसचं पहिलं हरीण

जमिनीपासून बारा फुटांवर वेसनं झाडाला घट्ट मिठी मारली.

"खाली बघू नकोस," व्हर्जिल खालून ओरडला. "झाडाकडे बघ."

"बघतोच आहे."

"मग मिठी कशाला मारतोस त्याला? लग्न लावलंय का तुझं? सोड, आणि मागे रेल."

वेस ज्यात बसला होता त्याला खोगीर म्हणत, पण ते काही घोड्याच्या पाठीवरचं नव्हतं. बुडाखाली झोळीसारखा रुंद पट्टा, त्याला जाड दोर, दोराचं दुसरं टोक खोडाला आवळलेलं. पाय टेकायला ताटाएवढी फळी. त्या झोळीत बसून शिकाऱ्यानं तासन्‌तास झाडाचाच एक भाग होऊन राहायचं, आणि हरीण खालून जाऊ लागलं की अलगद वळून बाण सोडायचा.

वेसनं डोळे मिटले आणि मागे रेलला. दोर करकरला, पण त्यानं वेसला धरून ठेवलं.

ओहायोच्या या डोंगरांत तो जुलैअखेर राहायला आला होता. धनुष्य शिकायचंय म्हटल्यावर पेट्रोल पंपावरच्या बाईनं एकच नाव घेतलं. "व्हर्जिल स्टॅम्पर. शिकवायचा नाही तो. पण जाऊन बघ."

सत्तरी उलटलेला व्हर्जिल एकटाच राहायचा. मुलगा टेक्ससला, वर्षातून एकदा, नाताळात फोन. त्यानं वेसला दारातच नखशिखांत न्याहाळलं, तंबाखूची पिंक टाकली आणि विचारलं, "हरीण कुठल्या बाजूनं चावतं, माहीत आहे?"

"नाही."

"बरं. निदान खोटं तरी बोलत नाहीस."

सगळा ऑगस्ट गवताच्या गठ्ठ्यांवर बाण मारण्यात गेला. खांदे भरून यायचे, बोटं सोलवटायची. वेसनं शहरातून अर्धं दुकान उचलून आणलं होतं: आकडे, पिशव्या, चार तऱ्हेचे दोर, खोडाला बांधायच्या घडीच्या पायऱ्या. व्हर्जिलनं ते सगळं अंगणात ओतलं आणि पायानं बाजूला सारलं.

"ही खोगीरभरती काढ आधी. दोन दोर, एक फळी, चार पायऱ्या. हरणाला तुझं सामान बघायचं नसतं."

दर रविवारी शहरातून मार्सीचा फोन यायचा.

"मिळालं काही?"

"अजून नाही."

"किती दिवस काढणार आहेस तिथं, वेस?"

फोन ठेवला की तो घरभर येरझाऱ्या घालायचा. झोप उडाली होती. व्हर्जिलनं वाढलेली घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी घशाखाली उतरत नसे.

"हुरहुर आहे ती," म्हातारा म्हणायचा. "पहिलं हरीण पडेपर्यंत अशीच छळते. खा गप."

सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात वेस मरता मरता वाचला. वीस फुटांवर एका फांदीला वळसा घालायचा होता. घाईत त्यानं दुसरा दोर अडकवण्याआधीच पहिला सोडला, आणि पाय सटकला. व्हर्जिल खालच्याच पायरीवर होता. त्यानं एका हातानं खोडाला कव घातली आणि दुसऱ्या हातानं वेसचा पट्टा पकडला. म्हाताऱ्याचा खांदा कडकन वाजलेला वेसला ऐकू आला. पट्टा मात्र त्यानं सोडला नाही. वेसचा पाय पायरीला लागेपर्यंत सोडला नाही.

तीन आठवडे हात गळ्यात बांधून व्हर्जिल हिंडत होता. वेसनं माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "आधी दुसरा अडकव, मग पहिला सोड. पुन्हा म्हणून दाखव."

वेसनं म्हणून दाखवलं. त्या रविवारी त्यानं मार्सीचा फोन उचलला नाही.

हंगाम सुरू झाला. एका माणसाला वर्षाला एकच नर, असा कायदा. व्हर्जिलनं आपला पहिल्याच आठवड्यात मारला. तरी पुढंही तो धनुष्य पाठीला लावूनच निघायचा.

"तुमचा तर झाला ना?" वेसनं विचारलं.

"हाताला सवय आहे," व्हर्जिल म्हणाला आणि चालू लागला.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी पांढरं दहिवर पडलं होतं. दोघं शेजारशेजारच्या ओकवर टांगलेले. आठच्या सुमारास ओढ्याकडून पाचोळा वाजला. शिंगांना दहा फाटे असलेला नर, मान जाड, नाक जमिनीला. व्हर्जिलनं धनुष्याला हात लावला नाही. फक्त वेसकडे बघून हनुवटी हलवली.

वेस वळला. दोरी ओढली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याचं मन गप्प झालं. बाण सुटल्याचं त्याला कळलंसुद्धा नाही. नर उसळला, चाळीस पावलं धावला आणि ओढ्याच्या काठी आडवा झाला.

खाली उतरल्यावर वेसला हुंदका आवरेना. व्हर्जिलनं त्याच्या मानेवर हात ठेवला. "असंच होतं," तो म्हणाला. "ज्याला होत नाही, त्यानं मारू नये."

दोघांनी नर ओढत गाडीपाशी आणला, घरी नेऊन कोठारात टांगला. व्हर्जिलनं चिंधीला हात पुसले. मग खिशातून किल्ली काढून त्यानं मागच्या खोलीचं दार उघडलं.

आत भिंतीला ओळीनं नऊ नरांची मुंडकी होती. काहींच्या कातडीला टिकण्यासाठी लावलेलं मीठ अजून ओलं होतं.

"सगळी यंदाची," व्हर्जिल म्हणाला. "थांबताच येत नाही मला. बायको गेल्यापासून."

वेस दारातच खिळला. मग त्यानं जाकिटाच्या आतल्या खिशातून चामड्याचं पाकीट काढून उघडलं. आत पितळी बिल्ला होता; त्याची वरिष्ठ मार्सी हिनं त्याला इथं धाडलं होतं ते याचसाठी. त्याला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"व्हर्जिल, मी वन्यजीव खात्याचा अधिकारी आहे. हात दिसतील असे ठेवा."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात शांतपणे पुढे केले.

"ऑगस्टपासून ठाऊक आहे," तो म्हणाला. "म्हटलं, आधी तुला तुझं हरीण मिळू दे."