वच्छलाबाईंची पोथी

“हात नका लावू जी, पोथी आहे,” वच्छलाबाई म्हणाल्या.

सुलोचनाबाईंनी हात मागे घेतला. वच्छलाबाईंच्या सुनेनं, रेणूनं, लाल फडकं सोडून पहिलं पान दाखवलं. साल १८८९, आवृत्ती पहिली. कडांवर हळदीकुंकवाचे थर. दर दसऱ्याला या पुस्तकाची पूजा होई. तीन पिढ्यांत वाचलं मात्र कुणीच नव्हतं.

सुलोचनाबाई गोंदियाच्या निवृत्त शिक्षिका. एकोणिसाव्या शतकातल्या लेखिकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायचा त्यांना नाद. त्यापायी आज त्या जिल्ह्यातल्याच गोरेगावजवळच्या या खेड्यात आल्या होत्या.

“ही पोथी नाही. एका बाईनं मुलींसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. मला द्या.”

“तुमाले पायजे म्हणून तसं सांगून राहिले तुमी.”

“रेणूकडून वाचून घ्या.”

“ते त तुमच्याच बाजूची. तीनदा चहा पाजला तिनं तुमाले.”

रेणू पदरात हसली.

“मग स्वतः वाचा. पोथी निघाली तर तुमची, नाही निघाली तर माझी.”

“सत्तर वर्साची मी. आता कायले शिकू?”

“मग आजच द्या.”

वच्छलाबाईंनी पुस्तक छातीशी धरलं. “पुढच्या बाजाराले या. पाटी आना.”

दर बाजाराच्या दिवशी सुलोचनाबाई एसटीनं येऊ लागल्या. वच्छलाबाई चुलीपाशी राखेत अक्षरं गिरवत, जाताजाता दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत. धानाची रोवणी झाली, कापणी झाली. आता त्या पुस्तकातल्या ओळी बोट ठेवून वाचत. सुलोचनाबाई रेणूसोबत लाखोळीची डाळ निवडत बसत आणि न बघताच चूक सांगत.

एका दुपारी शेवटचं पान संपलं. वच्छलाबाईंनी पुस्तक मिटलं.

“पोथी नाई जी हे,” त्या म्हणाल्या. “तुमी खरं सांगत होते.”

सुलोचनाबाईंनी हात पुढे केला.

“पन देत नाई! आता कुठं समजून राहिलं मले. नातीले वाचून दाखवीन.”

“आत्या, शब्द दिला होता तुमी!” रेणू सासूकडं बघत ओशाळली.

“दिला होता. मोडला. बाईंनी रागवावं.”

“इतके हेलपाटे फुकट गेले माझे,” म्हणत सुलोचनाबाईंनी पिशवी उचलली. तोंड पाडून त्या निघाल्या; एसटीत बसल्यावर मात्र गालात हसल्या.

घरी येऊन त्यांनी पुस्तकांचं कपाट उघडलं. त्याच पुस्तकाची पहिली आवृत्ती गेली अकरा वर्षं तिथं उभी होती.