बाईंची तिरडी

“थांबव! अरे, टेम्पो थांबव!” विलासराव अनवाणीच धावत सुटले होते. तिरडीचं सामान विकणारं त्यांचं तीन पिढ्यांचं दुकान आज कायमचं बंद होणार होतं. मोबाइलवर अंत्यविधीचं बुकिंग घेणाऱ्या कंपनीच्या गाड्या गावात आल्यापासून बुरूड आळीत कुणी फिरकत नव्हतं. उरलेले बांबू त्यांनी मांडववाल्याला देऊन टाकले होते, ते घेऊन त्याचा टेम्पो सुटला होता आणि तेवढ्यात मुख्याध्यापिका देशमाने बाईंची मुलगी धापा टाकत आली होती.

“काका, आई सकाळी गेली. कंपनीची गाडी दारात उभी आहे, पण त्यांच्या पॅकेजमध्ये खांदा देणं बसत नाही म्हणे! तिकडे आईच्या विद्यार्थिनींनी अख्खी गल्ली भरलीय. प्रत्येकीला खांदा द्यायचाय.”

विलासरावांनी चौकात टेम्पो गाठला, बांबू ओढून काढले आणि थेट बाईंचं अंगण गाठलं. त्यांची बायको मालन सुतळी घेऊन मागोमाग आलीच. दोघांचे हात असे झरझर चालले, की कंपनीची माणसंही गाडीतून उतरून बघत राहिली.

तिरडी उठली. दर चार पावलांवर खांदे बदलत होते. विलासराव सवयीने बाजूला उभे राहिले, तेव्हा बाईंच्या मुलीने वळून हाक मारली, “काका, तुम्हीही या ना!”

जन्मभर त्यांनी लोकांच्या तिरड्या बांधल्या होत्या, पण परक्या घरच्या माणसाला खांदा द्यायला त्यांना कुणी कधी बोलावलं नव्हतं. ते जवळजवळ धावतच पुढे झाले. मग थेट घाटापर्यंत त्यांनी आपली जागा कुणालाही दिली नाही.