गोठलेल्या खात्याचं स्थळ

“जुगार हा शब्द तोंडातून बाहेर काढायचा नाही,” योगिनीने जिन्यावरच दादाला बजावलं. “कोणी विचारलं तर डिजिटल मार्केटिंग. पुढचं मी बघते.”

“तू दहावीत आहेस, योगे.”

“म्हणूनच. घरात सध्या अभ्यास करणारी मी एकटीच आहे.”

सुयशने रुमालाने कपाळ पुसलं. पंचवटीतला जिना तो. इतका अरुंद, की पुढे आई आणि सविता मावशी चढत असताना मागे वळून पळायचीही सोय नव्हती.

डिजिटल मार्केटिंग म्हणजे नक्की काय, हे घरात फक्त योगिनीला ठाऊक होतं. दादा मोबाइलवर एक चॅनल चालवायचा. त्यावर पैसे लावून खेळायच्या एका अ‍ॅपची लिंक टाकायचा. लिंकवरून आलेला माणूस खेळून हरला, की त्यातला वाटा दादाला. मग असल्या खेळांवर बंदी घालणारा कायदा आला. बँकांनी असल्या अ‍ॅपचे पैसे अडवले, तसं अ‍ॅपवाल्यांनी कमिशन भलत्याच लोकांच्या खात्यांतून पाठवायला सुरुवात केली. त्यातलं एक खातं निघालं पोलीस तक्रारीतलं. झालं! दादाचंही खातं गोठलं. आज हातात असलेले पेढेसुद्धा योगिनीच्या वाढदिवसाच्या पैशांतून आले होते.

आणि बघायची मुलगी कोण? सविता मावशीने येवल्याहून फोनवर सांगितलं होतं, “लय हुशार पोरगी! तिची आईच म्हणली, रोज बँकेत असती. कोणाचं खातं कशानं अडकलं, घडाघडा सांगती.”

हे ऐकून दादाची भूक गेली. फोटो बघून झोपही गेली. स्थळ त्याला मनापासून हवं होतं, हीच तर पंचाईत होती.

पोहे आले, पाठोपाठ निकिता आली. साधा निळा ड्रेस, मोठा चष्मा, आणि नजर अशी, की समोरच्याने आपोआप ताठ बसावं.

“सुयशराव करतात काय?” तिच्या वडिलांनी, गोटीरामकाकांनी विचारलं.

“डिजिटल मार्केटिंग!” योगिनीच ओरडली. तोंडातला शेंगदाणा उडाला तो थेट काकांच्या बशीत.

आईने डोळे वटारले. निकिता मात्र चष्म्यातून दादाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाबा, आम्ही जरा गच्चीवर बोलू का?”

“योगिनी, तूही जा गं बरोबर,” आई म्हणाली. एवढं आज्ञाधारक योगिनी जन्मात वागली नव्हती.

गच्चीवर तिने तोंड भाजीबाजाराच्या दिशेला केलं आणि कान मागे ठेवले.

“मार्केटिंग कशाचं?” निकिताने विचारलं.

“म्हणजे... अ‍ॅपचं.”

“पैसे लावायच्या?”

योगिनीला ठसका लागला. दादाने मान डोलावली.

“कमिशन कंपनीच्या नावाने यायचं, की भलत्याच नावांनी?”

“भलत्याच.”

“कधी चपलांचं दुकान, कधी रसवंती?”

“एकदा तर वधूवर सूचक मंडळ होतं.”

“आणि खातं गोठल्यावर बँक म्हणाली पोलिसांकडे जा, पोलीस म्हणाले बँकेत जा.”

“हो! अगदी हेच!” दादाचा चेहरा उजळला. योगिनीने कपाळावर हात मारला. हा बाबा चौकशीतच खूश होतोय!

मग दादा एकदम गंभीर झाला.

“तुम्ही आणखी काही विचारायच्या आत मीच सांगतो. माझ्या लिंकवरून माझा मित्र जीवन खेळला. हरला, गाडी विकली. त्यातला वाटा मला मिळाला आणि मी बूट घेतले. ते बूट माझ्याच्याने घालवेनात. चॅनल बंद केलं. अडकलेलं कमिशन आईच्या खात्यात पाठवतो म्हणत होते, नको म्हणालो. आता मावशीच्या पैठण्यांचे व्हिडिओ करतो. विकली तर वाटा मिळतो. कमी मिळतो. पण घेणाऱ्याच्या हातात निदान साडी तरी पडते.”

खाली कोणीतरी कोथिंबिरीचा भाव ओरडत होता. योगिनीला रडूही येत होतं आणि दादाला टाळी द्यावीशीही वाटत होती.

“तुम्ही नकार दिलात तरी चालेल,” दादा म्हणाला. “म्हणजे, चालणार नाही खरं तर. पण तुमचा होकार खोटं बोलून नको मला.”

निकिताने बाजाराकडे तोंड फिरवलं. गेलं स्थळ, योगिनीने मनात म्हटलं. पोहे पण अर्धेच खाल्ले मी.

“या धंद्यात तुम्हाला आणलं कोणी?” शेवटी निकिताने विचारलं.

“गोदाकिंग नावाचा कोणीतरी. त्याच्या लिंकवरून मी शिरलो, म्हणून माझ्या कमिशनातून त्यालाही वाटा जायचा. तोंड कधी पाहिलं नाही, नुसते मेसेज. कायदा आला आणि पठ्ठ्या गायब!”

“राग येतो त्याचा?”

“भेटू दे एकदा. असा कान पिळतो ना त्याचा!”

निकिताने वळून जिन्याकडे पाहिलं. कोणी वर येत नाही अशी खात्री करून घेतली. मग चष्मा काढला, केस मागे सारले आणि कान पुढे केला.

“हळू पिळा,” ती म्हणाली. “माझंही खातं गोठलंय, म्हणून तर रोज बँकेत असते. जोरात पिळायचाय तो मला लिंक देणाऱ्याचा.”