दोन प्रबंध

जुळे सोलापुरातल्या प्राध्यापक अमरेश हत्तुरेंच्या लॅपटॉपमधून पीएचडीचा प्रबंध अचानक गायब झाला. सोमवारी तो विद्यापीठात जमा करायचा होता. सगळा राग त्यांनी बायकोवर काढला.

"तूच काहीतरी दाबली असशील की! कळत नाही तर हात कशाला लावतीस?"

महेश्वरीने लॅपटॉप पिशवीत भरला. दुरुस्तीच्या दुकानात ती सोबत आली, तर तिथंही ह्यांचं चालूच. "रात्रंदिवस घासलोय मी. हिला त्यातलं एक अक्षर समजत नाही," असं ते दुकान चालवणाऱ्या पायलला ऐकवत होते.

दोन तास खटपट करून पायलने डिस्कवरून पुसलं गेलेलं सगळं परत मिळवलं.

"सर, प्रबंध सापडला. पण दोन सापडलेत," ती म्हणाली. "मजकूर शब्दाला शब्द सारखाच आहे की. एक यंदाचा, तुमच्या नावाचा. दुसरा सहा वर्षांपूर्वीचा, महेश्वरी हत्तुरे नावाचा. कुठला देऊ?"

हत्तुरे सरांना एकदम खोकला आला.



"माझा दे," महेश्वरी म्हणाली. "उडालेली फाईल परत मिळत नसते, असं ह्यांनीच तेव्हा मला सांगितलं होतं."